सुरुवात मुरगावपासून करा: बी.ए.ला आंतरराष्ट्रीय संबंध हा विषय मेजर म्हणून मिळावा यासाठी खुलं पत्र

सप्रेम नमस्कार,

गोव्यातल्या कॉलेजांत बी.ए.ला कुठले विषय मेजर, म्हणजे मुख्य विषय, म्हणून द्यायचे आणि त्यात काय शिकवायचं हे जे जे ठरवतात, म्हणजे बोर्ड ऑफ स्टडीजवरचे सर-मॅडम, प्रिन्सिपल, उच्च शिक्षणाचं बघणारे अधिकारी, त्या सगळ्यांना हे पत्र आहे. मी डिचोली तालुक्यातली. चौथीपर्यंत गावच्या सरकारी मराठी शाळेत, पाचवीपासून इंग्रजीत, 2019ला बारावी आर्ट्स. नंतर गोव्याबाहेर जाऊन इंटरनॅशनल रिलेशन्समध्ये बी.ए. केलं, कारण घरून बसने ये-जा करता येईल अशा कुठल्याच कॉलेजात तेव्हा मला तो मेजर म्हणून मिळाला नाही. पॉलिटिकल सायन्स घे, त्यात एक-दोन पेपर असतात, एवढंच उत्तर मिळायचं. आता मी वास्कोला एका ऑफिसात खलाशांच्या कागदपत्रांचं काम करते आणि रोज बसमध्ये हेच डोक्यात असतं की जे मला शिकायला घर सोडून जावं लागलं, कर्ज काढावं लागलं, ते सगळं मुळात आमच्याच घराच्या आजूबाजूला घडलेलं होतं.

हा विषय गोव्यातच आहे. बंदरात आहे, पासपोर्टात आहे, खाणीच्या धुळीत आहे, पणजीच्या जुन्या दफ्तरात आहे. तो बी.ए.ला स्वतंत्र मेजर म्हणून द्या आणि शिकवायला सुरुवात इथून करा, एवढंच मागायला हे लिहितेय. नवीन शैक्षणिक धोरण आल्यापासून मेजर-मायनरची मोकळीक आली आहे, चार वर्षांची डिग्री आली आहे, तेव्हा आता नाही तर कधी.

आधी बाबांच्या ट्रकचं सांगते. आमच्या घरासमोर एक टिपर असायचा, बँकेचं कर्ज काढून घेतलेला. खाणी जोरात असताना दिवसाला किती ट्रिपा झाल्या ते बाबा भिंतीवरच्या कॅलेंडरात त्या त्या तारखेच्या चौकोनात पेनाने लिहायचे, आणि महिनाअखेरीला आई खाली बेरीज करायची. 2012च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टाचा आदेश आला, आणि एकही आकडा नसलेलं कॅलेंडरचं पान मी पहिल्यांदा बघितलं. मी सहावीत होते. बेकायदा खाणकाम झालं होतं, शेतांत आणि नद्यांत गाळ भरला होता, म्हणून बंदी आली, त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही, आमच्याच वाड्यावरच्या लोकांची शेतं त्यात गेली. पण त्याआधीची ती भरभराट कुठून आली होती हे गावात कोणालाच नीट सांगता यायचं नाही. सगळे एवढंच म्हणायचे की चायना माल घेता.

का घेतो, आणि घ्यायचा थांबला तर काय, हे मला तिसऱ्या वर्षी कळलं, आंतरराष्ट्रीय राजकीय अर्थशास्त्राच्या पेपरात. आपला बराचसा खनिज माल कमी प्रतीचा, लोखंडाचं प्रमाण 58 टक्क्यांच्या खाली. पोर्तुगीज काळातच, 1950च्या दशकात, जपान तो घ्यायला लागला होता. मग 2000 सालानंतर चीनमधले स्टीलचे कारखाने भराभर वाढले, आणि महागड्या चांगल्या मालात मिसळायला त्यांना आपला स्वस्त माल चालायला लागला. 2010पर्यंत मोठ्या स्टील कंपन्या आणि मोठ्या खाण कंपन्या समोरासमोर बसून वर्षभराचा दर ठरवायच्या, मग ती पद्धत मोडली आणि दर रोजच्या बाजारावर गेला. नंतर मे 2022मध्ये केंद्र सरकारने लोहखनिजाच्या निर्यातीवर 50 टक्के कर लावला आणि नोव्हेंबरात कमी प्रतीच्या मालावरचा काढून टाकला. ह्यातला एकेक निर्णय डिचोली, सत्तरी, सांगे ह्या तालुक्यांतल्या घरांच्या चुलीपर्यंत येतो. आम्हाला वर्गात उदाहरण दिलं होतं आफ्रिकेतल्या तांब्याचं. चांगलं उदाहरण होतं, सरांनी शिकवलंही मनापासून, पण मी वहीच्या कोपऱ्यात बाबांच्या ट्रकचा नंबर लिहून ठेवला होता आणि तासभर त्याच्याकडेच बघत होते.

आता हेगचं, म्हणजे तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाचं सांगते, कारण हे पत्र लिहायचं खरं कारण तेच आहे.

पहिल्या वर्षाचं दुसरं सेमिस्टर, 2020, लॉकडाऊन लागायच्या थोडं आधी. इंटरनॅशनल लॉ शिकवणाऱ्या मॅडमनी आंतरराष्ट्रीय न्यायालयातल्या खटल्यांची यादी फळ्यावर लिहिली, प्रत्येकाने एकावर बोलायचं. कॉर्फू चॅनल, निकाराग्वा, आणि मधेच पोर्तुगाल विरुद्ध भारत. मॅडम म्हणाल्या, तू गोव्याची ना, मग हे तूच घे. सगळा वर्ग वळून माझ्याकडे बघायला लागला आणि मला त्या खटल्यातलं एक अक्षर माहीत नव्हतं. दरवर्षी 19 डिसेंबरला झेंडावंदनाला उभी राहिलेली मी, शाळेच्या सहलीत पत्रादेवीच्या हुतात्मा स्मारकावर फुलं वाहून आलेली मी, आणि आपल्यावरून जगातल्या सगळ्यात मोठ्या कोर्टात खटला चालला होता हे मला वयाच्या अठराव्या वर्षी दुसऱ्या राज्यात कळलं. खूप वाईट वाटलं तेव्हा. अजूनही वाटतं.

लगेच लॉकडाऊन लागला, मी घरी आले. निकालपत्र कोर्टाच्या साइटवर फुकट मिळतं, ते मोबाइलवर उतरवून घेतलं आणि रेंज फक्त बाल्कावावर, म्हणजे ओसरीवर यायची म्हणून तिथे बसून रोज थोडं थोडं वाचलं. प्रकरण असं. 1954मध्ये दादरा आणि नगर हवेली पोर्तुगिजांच्या हातून सुटली. दमणहून तिथे जायचं तर मधे भारताची जमीन, आणि भारताने रस्ता बंद केला. पोर्तुगाल 14 डिसेंबर 1955ला युनोचा सदस्य झाला आणि बरोबर आठ दिवसांनी, 22 डिसेंबरला, त्याने हेगला अर्ज टाकला की आम्हाला तिथे जायचा हक्क आहे. आणि हा हक्क कशावरून? तर 1779मध्ये मराठ्यांशी झालेल्या पुण्याच्या तहावरून, आणि मग 1783 आणि 1785च्या दोन सनदांवरून.

म्हणजे 20व्या शतकात हेगच्या कोर्टात बसून जगभरातले न्यायाधीश पेशव्यांच्या काळातली कागदपत्रं तपासत होते. भारताच्या बाजूने नेमलेले तदर्थ, म्हणजे त्या खटल्यापुरते, न्यायाधीश होते एम. सी. छागला. त्यांच्यापुढचा एक प्रश्न असा की मराठ्यांनी पोर्तुगिजांना त्या गावांचं वर्षाला 12,000 रुपयांचं उत्पन्न दिलं होतं की गावंच देऊन टाकली होती. कोर्टाने सांगितलं की मराठ्यांच्या काळात ते फक्त उत्पन्न होतं, आणि त्यासाठी इंग्रजी निकालपत्रात जे शब्द वापरलेत ते आहेत जागीर आणि सरंजाम. सरंजाम! मी स्क्रीन मोठी करून परत वाचलं. माझ्या वर्गातली बाकीची मुलं ज्या शब्दाला डिक्शनरी उघडून बसली असती तो मला घरातला वाटला. आजी शेजारी तांदूळ निवडत होती, तिला विचारलं, सरंजाम दिला म्हणजे काय दिलं गो? ती मान वर न करता म्हणाली, "उत्पन्न दिलें, गांव दिलो ना." ज्या खटल्यात हा मुद्दा होता तो पोर्तुगाल आणि भारत हेगला चार वर्षांहून जास्त लढत होते.

पुढे ब्रिटिशांच्या काळात मात्र तिथलं पोर्तुगीज सार्वभौमत्व चालत आलं असं कोर्टाने मानलं, म्हणून 12 एप्रिल 1960चा निकाल दोन्हीकडे झुकतो. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल यांना जायचा हक्क होता, 11 विरुद्ध 4. सैन्य, सशस्त्र पोलीस, दारूगोळा यांना नव्हता, 8 विरुद्ध 7, म्हणजे एका मताने. आणि 1954मध्ये भारताने जे केलं त्यात भारत चुकला नाही, 9 विरुद्ध 6. सैन्याचा प्रश्न तर एका मताने सुटला! मुलांना हे शिकवा ना. तह म्हणजे काय, सनद म्हणजे काय, सार्वभौमत्व कसं येतं आणि जातं, दोन भाषांतल्या मसुद्यांत फरक असला तर काय होतं, हे सगळं ह्या एका खटल्यात आहे आणि अर्धं आपल्याच भाषेत आहे.

आणि हे इथे थांबत नाही. 18 डिसेंबर 1961ला भारताचं सैन्य गोव्यात होतं, त्याच दिवशी न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तानचा ठराव आला की लढाई थांबवा आणि भारताने सैन्य मागे घ्यावं. बाजूने 7 मतं, विरोधात 4. विरोधात कोण, तर सोव्हिएत युनियन, सिलोन, लायबेरिया आणि तेव्हाचं संयुक्त अरब प्रजासत्ताक म्हणजे इजिप्त. सोव्हिएत युनियनच्या व्हेटोमुळे, म्हणजे नकाराधिकारामुळे, ठराव पडला. पोर्तुगाल नाटो ह्या पश्चिमी देशांच्या लष्करी गटाचा स्थापनेपासूनचा सदस्य, म्हणून पश्चिमेची मतं तिकडे. सिलोन, लायबेरिया, इजिप्त आपल्या बाजूला का, तर वर्षभर आधीच, डिसेंबर 1960मध्ये, युनोच्या आमसभेने वसाहती संपवण्याचा जाहीरनामा मंजूर केला होता आणि लगेच दुसऱ्या ठरावात पोर्तुगालच्या ताब्यातल्या ज्या प्रदेशांची यादी दिली त्यात गोव्याचं नाव होतं. शाळेत आम्हाला शिकवलं की सैन्य आलं आणि गोवा मुक्त झाला. झालाच, आणि त्यासाठी ज्यांनी छातीवर गोळ्या झेलल्या त्यांच्यापुढे मी डोकं टेकवते. पण त्याच रात्री चार हात वर झाले होते ते कोणाचे आणि का, हे डिचोलीतल्या पोराला माहीत असायला नको का?

आजीला त्या काळातलं आठवतं ते वेगळंच. 1955नंतर भारताने नाकेबंदी केली तेव्हा सीमेपलीकडून भाजी, कांदे, बटाटे यायचे थांबले, आणि मग बाजारात हॉलंडचे बटाटे आले. ती अजून सांगते, मोठे मोठे, गुळगुळीत, शिजायला वेळ घ्यायचे. निर्बंध लादले की सरकार झुकतं का, ह्यावर जगभर जाडजाड पुस्तकं आहेत आणि मी त्यातली दोन-चार परीक्षेसाठी वाचली. आजीच्या बटाट्यांचं एक टिपण त्या वर्गात वाचलं असतं तर इराण आणि क्युबाचे धडे आम्हाला दुप्पट वेगाने कळले असते असं मला मनापासून वाटतं. त्या पिढीतली माणसं आता ऐंशीच्या पुढे आहेत. पहिल्या वर्षाच्या मुलांना रेकॉर्डर देऊन त्यांच्याकडे पाठवायचं असेल तर आत्ताच पाठवायला हवं.

मुरगाव बंदराचं तर विचारूच नका. दुसऱ्या महायुद्धात पोर्तुगाल तटस्थ, म्हणून मुरगावही तटस्थ, आणि म्हणून तीन जर्मन आणि एक इटालियन जहाज तिथे आसऱ्याला थांबलेली. 9 मार्च 1943च्या रात्री कलकत्त्याहून आलेल्या ब्रिटिशांच्या छुप्या तुकडीने त्यातल्या एरेनफेल्स ह्या जर्मन जहाजावर हल्ला केला, कारण तिच्यावरच्या ट्रान्समीटरवरून पाणबुड्यांना बातम्या जात होत्या असा संशय होता. ते बघून बाकीच्या जहाजांवरच्या लोकांनी आपली जहाजं स्वतःच बुडवली. आणि त्याच वर्षी ऑक्टोबरात त्याच बंदरात दोन जहाजं आली, जपानकडून तेइया मारू आणि अमेरिकेकडून ग्रिप्सहोम, आणि युद्धात अडकून पडलेल्या दोन्ही देशांच्या नागरिकांची तिथे अदलाबदल झाली. एकमेकांशी लढणाऱ्या दोन देशांना माणसं बदलून घ्यायला जागा मिळाली ती मुरगावला. तटस्थता ह्या एका शब्दावर एक अख्खं युनिट होईल, आणि फील्ड ट्रिपला वास्कोची बस पुरते.

ह्या विषयाचं पहिलं खातं 1919मध्ये वेल्समधल्या ॲबरिस्टविथला निघालं, पहिल्या महायुद्धानंतर, असं आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, आणि मग 1648च्या वेस्टफालियाच्या तहापासून सुरुवात. ते शिकायलाच पाहिजे, मी त्याविरुद्ध नाही. पण माझ्या तीन वर्षांत हिंद महासागर एकदाच आला, तोही चीनचं आरमार ह्या धड्यात. ह्यूगो ग्रोशियसने 1609मध्ये समुद्र सगळ्यांना मोकळा असतो असं मांडलं, आंतरराष्ट्रीय कायद्याचा पाया म्हणून ते सगळीकडे शिकवतात, पण तो कोणाविरुद्ध मांडत होता? पोर्तुगिजांविरुद्ध, पूर्वेकडचा व्यापार आमचाच म्हणणाऱ्यांविरुद्ध, आणि त्यांची इकडची राजधानी होती जुनं गोवं. इकडे मराठीत रामचंद्रपंत अमात्यांच्या नावावर असलेल्या आज्ञापत्रात टोपीकरांवर, म्हणजे युरोपियन व्यापाऱ्यांवर, वेगळं प्रकरण आहे. हे सावकार म्हणून येतात पण वरकड सावकारांसारखे नाहीत, ह्यांच्या पाठीमागे राज्यं आहेत, ह्यांना खाडीच्या तोंडावर जागा देऊ नये, असा त्याचा आशय. 18व्या शतकाच्या सुरुवातीचं परराष्ट्र धोरण, साध्या मराठीत. मी ते डिग्री झाल्यावर स्वतःहून वाचलं, कोणी लावलं नाही.

आणि पणजीचं पुराभिलेखागार. तिथल्या दफ्तरांच्या एका मालिकेचं नावच आहे रेइश व्हिझिन्युश, शेजारचे राजे. शेजारच्या राजांशी झालेला पत्रव्यवहार. पांडुरंग पिसुर्लेकरांनी आयुष्य घातलं त्या कागदांत. पोर्तुगिजांसाठी वाटाघाटी करणारे इथले हिंदू, मुसलमान, पारशी, ज्यू कोण होते त्यावर त्यांनी 1952मध्ये पोर्तुगीज भाषेत मोठं पुस्तक केलं, आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांवर मराठीत लिहिलं. परक्या दरबारात आपल्या राज्याची बाजू मांडणाऱ्याला मराठीत शब्द होता वकील. आम्हाला कोर्टातला वकील तेवढा माहीत. हे सगळं वाचायला मोडी लागते, पोर्तुगीज लागते, आणि हे दोन्ही शिकवू शकणारी माणसं गोव्यात आहेत. असं किती ठिकाणी मिळेल?

आता तुम्ही विचाराल आणि प्रत्येक पालक विचारतो ते, हे शिकून नोकरी काय. बारावीनंतर करिअर सांगायला आमच्याकडे एक सर आले होते, त्यांनी माझा फॉर्म बघून सगळ्यांसमोर सांगितलं की परराष्ट्र सेवेत वर्षाला जेमतेम तीस-चाळीस लोक घेतात, त्यात तू कुठे बसणार, बी.एड. धर. ते तसे खोटं बोलले नाहीत, आणि मीही तुम्हाला खोटं सांगणार नाही. परराष्ट्र सेवेला कुठलीही डिग्री चालते, त्यासाठी हाच मेजर हवा असं नाही. नुसत्या बी.ए.वर ह्या विषयात लगेच मोठ्या पगाराची नोकरी मिळत नाही, हे प्रॉस्पेक्टसमध्ये स्पष्ट छापा, पोरांना अंधारात ठेवू नका. पण माझ्या काकांचं एकदा ऐका.

काका शिपीवर. गोव्यात हे कोणाला समजावायला नको, प्रत्येक वाड्यावर एक तरी तारवटी असतो. 2021मध्ये ते एका मालवाहू जहाजावर होते. मालक एका देशातला, झेंडा म्हणजे नोंदणी दुसऱ्या देशाची, जहाज तिसऱ्याच देशाच्या बंदराबाहेर नांगर टाकून, आणि पगार बंद. पहिला महिना एजंट म्हणाला कोविड आहे, दुसरा महिना म्हणाला बँकेचं काहीतरी, तिसऱ्या महिन्यात फोन उचलणं बंद. काकूने मंगळसूत्र सोसायटीत ठेवलेलं. रात्री जेवणाच्या टेबलावर काकांच्या कॉन्ट्रॅक्टचे सोळा कागद पसरलेले आणि घरात वाचायला मी एकटी, दुसऱ्या वर्षाची, ऑनलाइन लेक्चरं करणारी. पहिल्यांदा मलाही काही कळेना. मग आठवलं की मेरिटाइम लेबर कन्व्हेन्शन आमच्या अभ्यासात होतं, 2006चं, भारतानेही 2015मध्ये मान्य केलेलं. त्यात 2017पासून लागू झालेली दुरुस्ती आहे, दोन महिने पगार दिला नाही तर मालकाने खलाशाला वाऱ्यावर सोडलं असं धरतात, आणि अशा वेळी चार महिन्यांपर्यंतचा पगार, जेवणखाण आणि घरी परतीचा खर्च भरून निघेल असा विमा जहाजावर असलाच पाहिजे, त्याचं सर्टिफिकेट खलाशांना दिसेल अशा जागी लावलेलं असलं पाहिजे.

मी काकांना मेसेज केला की मेसरूमच्या भिंतीवर असा असा कागद असेल, त्याचा फोटो काढा. रात्री एक वाजता फोटो आला. तिरका, ट्यूबलाइटचा उजेड पडलेला, कोपऱ्यात तेलाचा डाग, पण विमा कंपनीचं नाव आणि ईमेल वाचता येत होता. तो कागद काकांनी आठ महिने रोज जेवताना बघितला होता आणि तो कशाचा हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. मग मी आमच्या मॅडमना फोन केला, त्यांनी अर्ज कसा लिहायचा सांगितलं, खलाशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेला एक कॉपी, आपल्या डायरेक्टरेट जनरल ऑफ शिपिंगला एक कॉपी. वेळ लागला, मधे बरंच काही झालं ते सगळं इथे लिहीत नाही, पण चार महिन्यांचा पगार आला आणि काका चतुर्थीच्या आधी घरी आले. त्या दिवशी माझ्या बाबांनी पहिल्यांदा शेजाऱ्यांना सांगितलं की आमचं चेडू काय शिकतं.

अशी घरं गोव्यात किती आहेत बघा. कोणी तारवटी, कोणी आखातात. 1990मध्ये इराक कुवेतमध्ये घुसला तेव्हा अम्मानहून 1,70,000च्या आसपास भारतीयांना विमानाने आणलं, त्यात गोंयकारही होते. आणि पासपोर्ट. 19 डिसेंबर 1961च्या आधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना लिस्बनला जन्मनोंद करून पोर्तुगीज नागरिकत्व घेता येतं, त्यावर कित्येक जण इंग्लंडला स्विंडनसारख्या गावात गेले, मग ब्रेक्झिट आलं, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडलं. भारताचा कायदा दुहेरी नागरिकत्व देत नाही. मतदानाचा हक्क जातो, सरकारी नोकरी जाते, आणि हा निर्णय लोक घेतात कोणा ओळखीच्याने चहाच्या टपरीवर सांगितलं म्हणून. पोर्तुगालने गोवा भारताचा आहे हे मान्य केलं ते 31 डिसेंबर 1974च्या करारात, म्हणजे तिथे क्रांती होऊन सरकार बदलल्यावर, त्याआधी 13 वर्षं त्यांच्या लेखी आपण त्यांचेच होतो. हे ज्याने शिकलंय असा एक माणूस प्रत्येक तालुक्यात असला तर लोक निदान विचारून पाऊल टाकतील. ती नोकरी आहे की नाही ते मला माहीत नाही पण गरज आहे हे मी डोळ्यांनी बघितलंय.

काही प्राध्यापक असंही म्हणतात की पदवीला इतका पसरट विषय नको, आधी इतिहास किंवा अर्थशास्त्र पक्कं करा, एक भाषा शिका, आणि हे एम.ए.ला घ्या. ह्यात तथ्य आहे. मेजरच्या नावाखाली चालू घडामोडी पाठ करून घेणार असाल तर खरंच नको. माझ्या कॉलेजातही दोन पेपर तसेच होते, वर्तमानपत्रातली कात्रणं आणि कुठल्या देशाची राजधानी काय, त्या दोन पेपरांतलं आज एक वाक्य आठवत नाही. पण एम.ए.पर्यंत थांबायचं कोणाला परवडतं? माझ्यासारख्या घरातली मुलगी बारावीनंतर तीन वर्षं घरच्यांकडून मागून घेते, पाचवं वर्ष तिला मिळेलच असं नाही. म्हणून पदवीलाच द्या आणि घट्ट द्या. सगळी वर्षं एक परकी भाषा सक्तीची, पोर्तुगीज किंवा फ्रेंच किंवा अरबी किंवा चिनी, आणि ती बोलता येईपर्यंत. अर्थशास्त्र आणि थोडी संख्याशास्त्राची ओळख, पळवाट न ठेवता. समुद्राचा कायदा स्वतंत्र पेपर म्हणून, झेंडा कोणाचा, मालक कोण, बंदराचा अधिकार कुठपर्यंत. शेवटच्या वर्षी प्रोजेक्ट पुराभिलेखागारात किंवा बंदरात किंवा एखाद्या तारवट्याच्या घरात बसून. आणि एक कळकळीची विनंती, उत्तरं मराठीत किंवा कोकणीत लिहायची मुभा ठेवा. यूपीएससीची मुख्य परीक्षा ह्या दोन्ही भाषांत देता येते, त्यात राज्यशास्त्र आणि आंतरराष्ट्रीय संबंध हा ऐच्छिक विषयही आहे, मग आमच्या बी.ए.ला का नको. गावच्या शाळेतून आलेली मुलं हुशार असतात, पहिल्या सेमिस्टरला इंग्रजीच्या धाकाने गप्प बसतात, मीही बसले होते.

1983ला राष्ट्रकुलाचे नेते आग्वादला येऊन बसले, 2016ला बाणावलीला ब्रिक्स देशांची परिषद झाली, मे 2023मध्ये तिथेच शांघाय सहकार्य संघटनेचे परराष्ट्रमंत्री आले. ब्रिक्सच्या वेळी मी शाळेत होते आणि आम्हाला एवढंच कळलं की दक्षिणेत रस्ते बंद आहेत. पुढच्या वेळी असं काही इथे होईल तेव्हा इथल्या कॉलेजातली वीस मुलं तरी अशी असावीत की जी टीव्हीसमोर बसून आपल्या घरच्यांना समोर काय चाललंय ते सांगू शकतील.

माझ्याकडून होईल ते मी करायला तयार आहे. शनिवारी मला अर्धा दिवस असतो, दुपारनंतर मी पणजी, फोंडा, म्हापसा, कुठेही येऊ शकते, मानधन नको. काकांनी त्यांचं ते जुनं कॉन्ट्रॅक्ट वर्गात वाचायला दिलंय, त्यावरची नावं मी काळ्या पेनाने खोडली आहेत, त्या भिंतीवरच्या सर्टिफिकेटचा फोटोही मोठा करून घेतलाय, एजंटाचं आणि जहाजाचं नाव झाकून. तीस सेट झेरॉक्स काढून कपाटात ठेवलेत. वर्गात किती मुलं असतील तेवढं कळवा, जास्त लागले तर आणखी काढते.

आपली,
डिचोली तालुक्यातली एक माजी विद्यार्थिनी